सुईच्या भोकाएवढी अडचण

दवाखान्यात वापरतात त्या पांढऱ्या कव्हरऑलची शिवण बोटांत धरून उजेडासमोर ताणली, तर सुईने पाडलेली भोकं ओळीने दिसतात. कापड कितीही उत्तम असो, दोन तुकडे जोडायचे तर सुई चालवावीच लागते आणि प्रत्येक टाक्याला एक भोक पडतंच. रुग्णाच्या रक्ताचा थेंब त्यातून आत झिरपला, तर बाकी सगळा पोशाख असून नसल्यासारखा. म्हणून शिवणीवर गरम हवेच्या यंत्राने एक अरुंद टेप चिकटवतात. मार्च २०२० च्या अखेरीस आपल्याकडे कापड होतं, शिवायला तयार असलेले कारखाने होते, पैशांना मंजुरी होती. गाडं अडलं होतं ते या टेपवर. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने, म्हणजे डीआरडीओने, २ एप्रिलच्या निवेदनात तसं स्पष्ट म्हटलं होतं: शिवण बंद करणारी टेप मिळत नसल्यामुळे पोशाखांच्या उत्पादनाला खीळ बसली आहे.

त्याच निवेदनात पुढे उपायही होता. पाणबुड्यांच्या कामासाठी सांधे बंद करणारा एक चिकट लेप डीआरडीओने आधीच विकसित केला होता. त्यावरून टेपऐवजी वापरता येईल असा लेप तयार झाला. तो लावून शिवलेले पोशाख कोइमतूरच्या सिट्रा या वस्त्रसंशोधन संस्थेत तपासणीला गेले आणि पास झाले. त्या वेळी दिवसाला सात हजार पोशाखांची क्षमता होती आणि ती पंधरा हजारांवर नेण्याची खटपट सुरू होती.

साथीच्या काळात सैन्याने तातडीने केलेल्या खरेदीची गोष्ट सांगताना बहुतेक जण किती कोटींची मंजुरी मिळाली आणि किती विमानं उडाली, इथून सुरुवात करतात. मी शिवणीपासून करतो, कारण त्या वर्षी जगभरात जे घडलं त्याचा खरा धडा मला तिथे दिसतो. पैसा आणि सही यांना लागणारा वेळ कमी करता येतो. वस्तू बनवायला आणि तपासायला लागणारा वेळ मात्र हुकमाने कमी होत नाही. त्याची तयारी आधीपासून असावी लागते.

सहीचा भाग आधी पाहू. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे जाहीर निविदेला साधारणपणे किमान तीन आठवडे द्यावे लागतात. परदेशी पुरवठादार अपेक्षित असतील तर चार. पहिली टाळेबंदी २५ मार्चला सुरू झाली ती एकवीस दिवसांची, म्हणजे नेमकी तीन आठवड्यांची होती. त्या दिवशी कुणी नियमाप्रमाणे टेंडर काढलं असतं, तर ते उघडायच्या वेळी पहिली टाळेबंदी संपलेली असती, आणि भाव ठरवणं, करार, उत्पादन, वाहतूक हे सगळं त्यानंतर. नियम करणाऱ्यांना याची जाण होती, म्हणून आणीबाणीत विशिष्ट पुरवठादाराकडून थेट खरेदी करण्याची मुभा त्याच नियमांत आहे. कारण मात्र लेखी नोंदवावं लागतं आणि वरिष्ठांची मान्यता घ्यावी लागते. मार्च २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवांच्या प्रमुखांना तातडीच्या खरेदीचे वाढीव आर्थिक अधिकार दिले. प्रत्येक मागणीची फाइल दिल्लीला जायची गरज उरली नाही.

पण अधिकार मिळालेल्या अधिकाऱ्याने खरेदी कशाची करायची? त्या काळात हातमोजे, मुखपट्ट्या, कव्हरऑल यांसाठी सगळं जग एकाच वेळी बाजारात उतरलं होतं. ३ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज दिला की, जगाला दर महिन्याला ८ कोटी ९० लाख मुखपट्ट्या, ७ कोटी ६० लाख हातमोजे आणि १६ लाख गॉगल लागतील आणि उत्पादन ४० टक्क्यांनी वाढवावं लागेल. याच्या आठवडाभर आधी, २६ फेब्रुवारीला, आपल्या हवाई दलाचं सी-१७ विमान मुखपट्ट्या, हातमोजे वगैरे पंधरा टन वैद्यकीय साहित्य घेऊन वुहानला गेलं आणि दुसऱ्या दिवशी ११२ लोकांना घेऊन परतलं. ती मदत योग्यच होती. पण परिस्थिती किती झपाट्याने उलटली हे त्यातून कळतं, कारण महिन्याभरातच कोलकात्यात डॉक्टरांना रेनकोट मिळाल्याच्या आणि हरियाणात एका डॉक्टरने मोटरसायकलचं हेल्मेट घालून रुग्ण तपासल्याच्या बातम्या आल्या. सरकारने ३१ जानेवारीला संरक्षक साधनांच्या निर्यातीवर बंदी घातली होती, ८ फेब्रुवारीला साध्या शस्त्रक्रिया-मुखपट्ट्या आणि हातमोजे त्यातून वगळले आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मुखपट्ट्या रोखल्या. मधले ते सहा आठवडे आपण गमावले, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तपासणीकडे येऊ. हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो आणि म्हणूनच तो सहसा सांगितला जात नाही.

कव्हरऑलचं कापड आणि शिवण रक्ताला अडवते की नाही, हे पाहण्यासाठी खरं रक्त वापरत नाहीत. पाण्यात लाल रंग, थोडा दाटपणा आणणारा पदार्थ आणि पृष्ठताण रक्ताइतका करणारं रसायन मिसळून कृत्रिम रक्त बनवतात. पोशाखाचा तुकडा एका छोट्या धातूच्या कप्प्यात घट्ट आवळून बसवतात. एका बाजूला हे रक्त, दुसरी बाजू डोळ्यांसमोर उघडी. आधी पाच मिनिटं काहीच दाब न देता ठेवतात. मग हवेचा दाब पायरी-पायरीने वाढवतात आणि प्रत्येक पायरीवर पाच मिनिटं थांबतात. मागच्या बाजूला लाल ठिपका उमटला की नमुना त्या पायरीवर नापास. एकूण सहा पायऱ्या. भारत सरकारने करोनासाठी किमान तिसरी पायरी ठरवली होती. तिथे दाब साधारण पस्तीस सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका असतो. सहाव्या पायरीवर तो दोन मीटर पाण्याइतका होतो. नर्स रुग्णाला उचलताना छाती त्याच्या अंगावर टेकवते, कुणी गुडघ्यावर बसून सलाईन लावतं, कोपर ओल्या चादरीवर दाबलं जातं, तेव्हा कापडावर असाच दाब येतो. म्हणून नुसतं पाणी शिंपडून पाहणं पुरेसं नसतं.

म्हणजे एका नमुन्याची चाचणी जेमतेम अर्ध्या तासाची. तरीही सुरुवातीच्या आठवड्यांत कारखानदारांना दिवसेंदिवस थांबावं लागलं, कारण हे यंत्र देशात मोजक्याच ठिकाणी होतं. कोइमतूरची सिट्रा हे त्यातलं प्रमुख ठिकाण, आणि टाळेबंदीत प्रवासी विमानं आणि रेल्वे बंद. नमुना कोइमतूरला पोचवणं हेच मोठं काम होऊन बसलं.

ही कोंडी फोडण्यात संरक्षण खात्याचा वाटा मोठा आहे, आणि त्याचं कारण जुनं आहे. अण्वस्त्र, रासायनिक आणि जैविक हल्ल्यांपासून सैनिकाचा बचाव कसा करायचा, यावर ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत आणि दिल्लीच्या इन्मास या संस्थेत अनेक वर्षं काम चाललं होतं. तिथले लोक कापडातून काय झिरपतं, किती वेळात झिरपतं, शिवण कुठे फसते याच प्रश्नांत मुरलेले होते. असा हल्ला आपल्यावर कधी झाला नाही, म्हणून हा खर्च वाया गेला असं कुणाला वाटलं असेल. पण २०२० च्या एप्रिलमध्ये याच संस्थांत कारखान्यांचे नमुने तपासले जात होते. आयुध निर्माणी मंडळानेही स्वतःच्या कारखान्यांत हे चाचणीयंत्र उभं केलं. चेन्नईजवळच्या आवडी इथला रणगाड्यांचा कारखाना आणि कानपूरचा लहान शस्त्रांचा कारखाना इथे रक्तरोधक चाचणी सुरू झाली. याच मंडळाला एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीकडून १ लाख १० हजार कव्हरऑलची मागणी मिळाली. स्फोटकं बनवणाऱ्या कारखान्यांकडे हात निर्जंतुक करणारं द्रावण बनवण्याचं काम आलं: तमिळनाडूतल्या अरुवनकाडूने आधी माल पाठवला आणि पाठोपाठ इटारसीची व आपल्या भंडाऱ्याची आयुध निर्माणी त्याच उत्पादनासाठी सज्ज झाली. ज्वालाग्राही रसायनं सांभाळून हाताळायची सवय असलेल्या माणसांना हे काम नवं नव्हतं.

मुंबईची हकीकत मला यात सगळ्यांत मोलाची वाटते.

कुलाब्यात नौदलाचं आयएनएचएस अश्विनी हे रुग्णालय आहे आणि त्याच परिसरात नौदल वैद्यक संस्था. या संस्थेच्या नवोन्मेष कक्षातल्या डॉक्टरांनी आणि मुंबईच्या नौदल गोदीने मिळून स्वतःचा पोशाख तयार केला. त्याला नाव दिलं ‘नवरक्षक’. पहिली तुकडी गोदीतच शिवली गेली, इन्मासने ती तपासली आणि मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात मोठ्या उत्पादनाला मंजुरी मिळाली. रक्तरोधक चाचणीत तो सहापैकी सहाव्या पायरीपर्यंत टिकला.

पण त्या सहा पायऱ्यांपेक्षाही त्याची मांडणी जास्त शहाणपणाची होती. तोवर चांगला कव्हरऑल म्हणजे न विणलेलं कापड, त्यावर प्लॅस्टिकसारखा पातळ पापुद्रा आणि शिवणीवर टेप, असंच समीकरण होतं. पापुद्रा रक्त अडवतो, पण घामही अडवतो. मे महिन्यातली मुंबई डोळ्यांसमोर आणा: विषाणू पसरू नये म्हणून अनेक वॉर्डांत वातानुकूलन बंद, वर फिरणारे पंखे, आणि सहा-सहा तास त्या पोशाखात पाणी न पिता, लघवीला न जाता उभ्या असलेल्या नर्सेस. घामाने चष्मा धुरकटला की हात नकळत तोंडाकडे जातो आणि संसर्ग होतो तो नेमका अशा क्षणी, किंवा पोशाख घाईने उतरवताना. घालणाऱ्याला सहन होत नसेल, तर प्रयोगशाळेत पास झालेला पोशाखही वॉर्डात धोक्याचा ठरतो. नवरक्षकच्या कापडाला पापुद्र्याची गरज नव्हती. त्वचेवरची उष्णता आणि ओल बाहेर जायला त्यात वाव होता. शिवण्याची पद्धतही अशी होती की महागडी टेप आणि ती चिकटवणारं आयात यंत्र लागतच नव्हतं. साधे गाऊन शिवणारा कारखानाही तो शिवू शकत होता.

ही दृष्टी दवाखान्यात राबलेल्या माणसांची आहे. खरेदीच्या कागदावर ‘रक्तरोधक पोशाख, अमुक नग’ एवढंच लिहिलेलं असतं. घामाचा प्रश्न त्या कागदावर आणायला वॉर्डातला डॉक्टर आणि गोदीतला कारागीर एका टेबलाशी बसावे लागतात. नौदलात ते एकाच हुकमाखाली, काही किलोमीटरच्या अंतरात होते. पुढे राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळामार्फत पेटंटचा अर्ज झाला आणि जूनमध्ये पाच छोट्या-मध्यम उद्योगांना हे तंत्र देण्यात आलं. त्यांतले दोन मुंबईचे होते. पाचांची मिळून वर्षाला एक कोटी पोशाखांची क्षमता अपेक्षित होती.

नौदल गोदीने आणखी एक गोष्ट केली, तीही सांगायला हवी. या गोदीत रोज सरासरी वीस हजार माणसं आत येत. प्रत्येकाचा ताप दुरून मोजायची यंत्रं बाजारात मिळेनाशी झाली आणि मिळाली तर महाग. गोदीने ते उपकरण स्वतः बनवलं, खर्च हजार रुपयांच्या आत.

देशाच्या पातळीवर चित्र असं उलटलं की मार्चमध्ये अशा दर्जाचे कव्हरऑल आपल्याकडे जवळजवळ बनतच नव्हते आणि मेच्या मध्यावर दिवसाला साडेचार लाखांहून अधिक बनत होते. सहाशेच्या आसपास कंपन्यांचे नमुने प्रमाणित झाले होते. हे श्रेय एकट्या सैन्याचं नाही. वस्त्रोद्योग मंत्रालय, एचएलएल आणि शेकडो खासगी कारखाने यांचं ते आहे. संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळांनी त्यांची वाट मोकळी केली, एवढं निश्चित म्हणता येईल. जूनच्या अखेरीस महिन्याला ५० लाख कव्हरऑल निर्यात करायला परवानगी दिली गेली.

यात फसवणूकही होतीच. नमुना उत्तम कापडाचा पाठवायचा आणि माल हलक्या कापडाचा द्यायचा, हा जुना धंदा. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक पास झालेल्या नमुन्याला एक स्वतंत्र प्रमाणपत्र क्रमांक दिला जाऊ लागला, कारखान्यात जाऊन मधूनच नमुने उचलायची सोय झाली आणि कापड व पोशाख दोन्हींची नोंद त्या क्रमांकाखाली राहू लागली. शंका आली तर दवाखान्याला तो क्रमांक पडताळता येत होता. दुर्दैवाने किती दवाखान्यांनी तो खरोखर पडताळला असेल याबद्दल मला फारशी आशा नाही. त्या दिवसांत स्टोअरमध्ये खोका आला की तो थेट वॉर्डात फुटत असे.

परदेशात काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे, कारण तिथे पैशांची चणचण नव्हती.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १७ मार्चला आपल्या राखीव साठ्यातल्या ५० लाख एन-९५ मुखपट्ट्या आणि २,००० व्हेंटिलेटर नागरी आरोग्य खात्याला देऊ केले. त्या देशाच्या नागरी साठ्याची अवस्था वाईट होती, कारण २००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये तिथून सुमारे साडेआठ कोटी एन-९५ वाटल्या गेल्या आणि नंतरच्या दहा वर्षांत त्यांची पुरेशी भरपाई कुणी केली नाही. एप्रिलमध्ये, कोरियन युद्धाच्या वेळच्या संरक्षण उत्पादन कायद्याखाली, संरक्षण खात्याने थ्रीएम, हनीवेल आणि ओ अँड एम हॅलियार्ड या कंपन्यांना देशातच नव्या उत्पादनरेषा उभ्या करण्यासाठी मिळून १३ कोटी ३० लाख डॉलर दिले. उद्दिष्ट होतं नव्वद दिवसांत ३ कोटी ९० लाख मुखपट्ट्यांची भर. हा निर्णय मला बरोबर वाटतो: तयार माल मिळत नाही, तर माल बनवणारी क्षमता विकत घ्या.

त्याच महिन्यातला दुसरा निर्णय मात्र अंगाशी आला. वापरलेल्या एन-९५ हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने निर्जंतुक करून पुन्हा वापरायची यंत्रणा बॅटेल या संस्थेने बनवली होती. संरक्षण खात्याच्या पुरवठा विभागाने अशा साठ यंत्रणांसाठी ४१ कोटी ५० लाख डॉलरपर्यंतचा करार केला. प्रत्येक यंत्रणा दिवसाला ८० हजार मुखपट्ट्या आणि प्रत्येक मुखपट्टी वीस वेळा, असा हिशेब होता. कागदावर हा हिशेब चोख दिसतो. वॉर्डात मुखपट्टीचं रबर सैल पडतं, चेहऱ्यावर ती घट्ट बसेनाशी होते, आणि दुसऱ्याने वापरलेली मुखपट्टी घालायला नर्सेस नाखूश असतात. यंत्रणांकडे क्षमतेच्या मानाने फारच कमी मुखपट्ट्या आल्या. पुनर्वापराची मर्यादा नंतर खाली आणावी लागली आणि २०२१ च्या मध्यावर, नव्या मुखपट्ट्या पुरेशा मिळू लागल्यावर, अमेरिकी औषध प्रशासनाने अशा पुनर्वापराची परवानगीच काढून घेतली. करार करण्याआधी दोन-चार रुग्णालयांतल्या नर्सेसना विचारलं असतं, तर ही अडचण आधी समजली असती.

ब्रिटनची हकीकत याहून क्लेशदायक आहे. १८ एप्रिलला तिथल्या मंत्र्याने जाहीर केलं की तुर्कस्तानातून ८४ टन माल येतोय, त्यात चार लाख गाऊन आहेत. माल येईना, तेव्हा रॉयल एअर फोर्सची विमानं इस्तंबूलला पाठवली गेली. देशभर बातमी झाली. मेच्या पहिल्या आठवड्यात कळलं की ते गाऊन ब्रिटिश मानकांना उतरले नाहीत आणि हीथ्रोजवळच्या गोदामात पडून आहेत. विमान पाठवण्याआधी त्यांतला एक गाऊन प्रयोगशाळेत पोचायला हवा होता. त्या देशाने पहिल्या वर्षात संरक्षक साधनांवर खर्च केलेल्या १२.१ अब्ज पौंडांपैकी ८.७ अब्ज पौंडांचं मूल्य हिशेबातून कमी करावं लागलं. त्यातला मोठा भाग नंतर पडलेल्या भावांचा आहे, हे खरं. पण सुमारे २.६ अब्ज पौंडांचा माल रुग्णालयांत वापरण्याजोगा नव्हता. राजकारण्यांच्या ओळखीतून आलेल्या पुरवठादारांसाठी वेगळी जलद वाट ठेवणं बेकायदा होतं, असा निकाल जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने दिला.

ब्रिटिश सैन्याने खरी मदत केली ती वाटपात. एरवी माल २२६ रुग्णालय-संस्थांना पोचवायचा असे, तो अचानक वृद्धाश्रम, छोटे दवाखाने धरून ५८ हजार ठिकाणी पोचवायची वेळ आली, आणि तो मार्ग आखायला लष्कराचे पुरवठा अधिकारी बसले. जिथे सैन्याने आपल्या हातचं काम केलं तिथे ते यशस्वी झालं. नुसतं विमानातून माल आणण्यासाठी वापरलं, तिथे चुकीचा मालही तितक्याच तत्परतेने आला.

हे सगळं आता सहा वर्षांपूर्वीचं झालं. कव्हरऑल शिवणारे कारखाने पुन्हा शाळेचे गणवेश आणि पिशव्या शिवू लागले असतील, त्यात गैर काही नाही. काळजी वाटते ती साठ्याची आणि यंत्रांची. सैन्य आपला राखीव साठा फिरवत ठेवतं: जुना माल आधी वापरायचा, त्या जागी नवा भरायचा, ठरलेल्या मुदतीने नमुने उघडून पाहायचे. नागरी रुग्णालयांत हे क्वचितच होतं. मुखपट्टीचं रबर काही वर्षांत लवचीकपणा गमावून तुटतं, तिच्या आतल्या थरावरचा सूक्ष्म कण ओढून धरणारा विद्युतभार ओलीत आणि उष्णतेत कमी होतो, आणि बंद खोक्याकडे पाहून यातलं काहीच कळत नाही.

तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर तुम्ही असाल, किंवा तिथल्या कुणाला ओळखत असाल, तर पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा. संरक्षक पोशाखांचा आणि एन-९५ चा साठा किती दिवस पुरेल? तो कोणत्या तुकडीचा आहे आणि त्याचा प्रमाणपत्र क्रमांक कुणी पडताळून पाहिला आहे का? आणि उद्या नवा पुरवठादार समोर आला, तर त्याचा नमुना तपासायला कुठे पाठवायचा आणि तो किती तासांत तिथे पोचेल? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.